शिवणीतली माया

मी लंडनमध्ये एका वर्कशॉपात जुने गाऊन दुरुस्त करते, असं आईला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती फोनवर क्षणभर गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "गाऊन म्हणजे घरात घालायचे ना गं? ते दुरुस्त करून घेतात तिथे?"

चूक तिची नाही. आमच्या डोंबिवलीत गाऊन म्हणजे फुलाफुलांचा, कॉटनचा, वरून ओढणी टाकली की दूधवाल्यापासून भिशीपर्यंत कुठेही चालणारा. मी तिला फोटो पाठवला. खांदे उघडे, कंबर मुठीत मावेल एवढी, आणि कमरेखाली घंटेसारखा फुगत गेलेला घेर. दहा मिनिटांनी तिचा मेसेज आला : "घेराला कापड किती गेलं असेल?"

आई ब्लाउज शिवते. मी शाळेत असल्यापासून शिवते. त्यामुळे सुंदर दिसणाऱ्या कुठल्याही गोष्टीकडे बघून आमच्या घरात पहिला प्रश्न हाच येतो.

२०१९ सालची गोष्ट. मी शिकायला गेले होते आणि व्हिसाच्या नियमात बसतील एवढे तास काम करत होते. वर्कशॉप एका तळघरात होतं. मालकीणबाई मूळच्या सायप्रसच्या, सत्तरीच्या आसपास, बोटांना संधिवात, जिभेला अजिबात नाही. आमच्याकडे दुकानांतून आणि घरांतून जुने पार्टीचे झगे यायचे. त्यातले बहुतेक १९५० च्या दशकातले. पहिल्या आठवड्यात मी एक झगा हँगरवर लावत म्हटलं, "काय टिपिकल फिफ्टीज आहे!" बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "हा फिफ्टीजचा वाटतो तुला? अठराशे साठचा आहे हा. फक्त शिवला उशिरा."

मला तेव्हा हे कळलं नव्हतं, आणि कळल्यावर दिसायचं थांबलं नाही. ज्या झग्यांना आज आपण 'व्हिंटेज' म्हणून हळहळतो, ते शिवले गेले तेव्हाच मुळात जुन्याची नक्कल होते. घट्ट कंबर आणि प्रचंड घेर ही १८५० आणि ६० च्या दशकातल्या युरोपातली फॅशन. आधी हा घेर घोड्याच्या केसांनी विणलेल्या ताठ कापडाच्या परकरांवर उभा राहायचा. 'क्रिनोलिन' या शब्दात घोड्याचे केस आणि लिनन दोन्ही आहेत. १८५६ मध्ये पोलादी कड्यांच्या पिंजऱ्याचं पेटंट निघालं आणि सहा-सात परकरांचं ओझं गेलं. त्या जागी पिंजरा आला. पुढे ही फॅशन मेली, आणि मग दर काही वर्षांनी कुणीतरी तिला उठवत राहिलं. १९२० च्या दशकात अख्खं पॅरिस सरळसोट नळकांडीसारखे कपडे घालत असताना जान लाँव्हँ दोन्ही बाजूंना फुगवलेले, अठराव्या शतकाची आठवण करून देणारे झगे विकत होती. १९३९ च्या 'गॉन विथ द विंड'मध्ये विवियन लीने घातलेले वॉल्टर प्लंकेटचे झगे बघून किती मुलींनी आरशासमोर श्वास रोखून कंबर मोजली असेल, देव जाणे. त्याच सिनेमात नायिका घरातला हिरवा मखमली पडदा उतरवून त्याचा झगा करवून घेते. तो प्रसंग मला फार आवडतो, आणि त्याच सिनेमातली गुलामांची गोड-गोड दुनिया बघवत नाही. त्या घेरांमागचा कापूस कोण वेचत होतं, हे त्या घेरांत कुठेच दिसत नाही.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त पछाडलं ते एका चित्रकाराने. फ्रान्झ झेव्हर विंटरहाल्टर. युरोपातल्या राण्या, सम्राज्ञी, त्यांच्या भोवतीचे ट्यूलचे ढग, केसांतले हिरे, हे सगळं रंगवणारा माणूस. १९३८ मध्ये इंग्लंडचा राजा सहावा जॉर्ज आणि राणी एलिझाबेथ (आपल्याला माहीत असलेल्या एलिझाबेथची आई) पॅरिसच्या शाही दौऱ्यावर जाणार होते. कपडे शिवणारा नॉर्मन हार्टनेल. राजाने त्याला बकिंगहॅम पॅलेसमधली विंटरहाल्टरची चित्रं फिरवून दाखवली, असे झगे राणीला शोभतील म्हणून. कपडे तयार झाले आणि दौऱ्याच्या तोंडावर, २३ जूनला, राणीची आई वारली. दौरा पुढे ढकलला. रंगीत कपडे घालता येईनात, आणि काळे घालून पाहुणी जाणंही शोभेना. तेव्हा हार्टनेलने सांगितलं की पांढराही राण्यांच्या शोकाचा रंग आहे. (आपल्याला हे कुणी समजावून सांगायला नको.) तीन आठवड्यांच्या आत सगळा पोशाखसंच पांढऱ्यात पुन्हा उभा केला गेला. जुलैत राणी पॅरिसमध्ये पांढरे, लेसचे, फुगीर झगे घालून फिरली आणि पॅरिस भारावून गेलं. वर्षभराने युद्ध सुरू झालं.

याच विंटरहाल्टरने १८५४ मध्ये बकिंगहॅम पॅलेसमध्येच पंधरा वर्षांच्या दुलीपसिंगाचं चित्र काढलं होतं. राज्य गेलेला पंजाबचा महाराजा, अंगावर दागिने, चेहरा कोवळा. चित्राच्या बैठकी चालू असताना व्हिक्टोरियाने त्याला त्याच्याकडूनच गेलेला कोहिनूर हातात घेऊन बघायला दिला होता. आणि १९३७ मध्ये त्या पांढऱ्या झग्यांच्या राणीसाठी जो मुकुट घडवला, त्यात तोच कोहिनूर बसवलेला आहे. मी ही गोष्ट मालकीणबाईंना सांगितली. त्या सुईत दोरा ओवत म्हणाल्या, "सायप्रसही त्यांच्याकडेच होतं. झगा इकडे आण."

त्या वर्षी व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये ख्रिश्चन डिओरचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. तिथे राजकन्या मार्गारेटचा एकविसाव्या वाढदिवसाचा झगा होता. डिओरनेच शिवलेला, १९५१ चा, पांढरा, एका खांद्यावरून आडवा गेलेला गळा, आणि खाली तोच विंटरहाल्टरचा घेर. सेसिल बीटनने काढलेला तिचा फोटो जगभर गेला. मी काचेला नाक लावून बघितलं. भरतकामात शिंपल्याचे तुकडे होते, टिकल्या होत्या आणि चक्क वाळलेल्या गवताच्या काड्या. राजकन्येच्या झग्यावर गवत! साखर आणि मटण अजून रेशनवर असलेल्या देशात ते सोन्यासारखं चमकत असणार.

डिओरने १२ फेब्रुवारी १९४७ ला पॅरिसमध्ये पहिलं कलेक्शन दाखवलं. उतरते खांदे, चिमटीतली कंबर, पिंडरीपर्यंत आलेला घेर. अमेरिकन संपादिका कार्मेल स्नोने त्याला 'न्यू लूक' म्हटलं. नाव नवीन, पण बघणाऱ्याला पणजीची आठवण यावी असं रूप. युद्धात बायकांनी पँटी घातल्या होत्या, कारखाने चालवले होते, आखूड स्कर्ट आणि रुंद खांद्यांची सवय झाली होती. आता हा माणूस पुन्हा कमरेला आवळायला आला. चिडल्या बायका. र्‍यू लपिक या बाजाराच्या रस्त्यावर फोटोंसाठी नेलेल्या मॉडेलवर तिथल्या बायका धावून गेल्या आणि तिचा नवा झगा ओढून फाडला. लहान मुलांना दूध मिळत नव्हतं आणि या बाईच्या एका स्कर्टात कित्येक मीटर कापड. ब्रिटनमध्ये मजूर सरकारचे स्टॅफर्ड क्रिप्स लांब झग्यांवर जाहीर नाराज झाले. हो, आपल्या इतिहासाच्या पुस्तकातले तेच क्रिप्स, १९४२ ची योजना घेऊन आलेले. भारतानेही त्यांचं ऐकलं नव्हतं, बायकांनीही ऐकलं नाही.

मी तेव्हा त्या फाडणाऱ्या बायकांच्या बाजूची होते. आजही बरीचशी आहे. विंटरहाल्टरच्या काळात त्या घेरांनी बायका जळायच्या. शेकोटीजवळून जाताना आपल्याच झग्याचं टोक कुठे आहे हे कळायचं नाही. ऑस्कर वाइल्डच्या दोन सावत्र बहिणी १८७१ मध्ये अशाच गेल्या. एका समारंभात एकीच्या झग्याने पेट घेतला आणि दुसरी तिला विझवायला धावली. नक्कल करणाऱ्यांनी घेर घेतला, ट्यूल घेतलं आणि आग तेवढी मागे ठेवली, असं मला वाटायचं. डिओरच्या बहिणीबद्दल वाचेपर्यंत.

कॅथरीन डिओर फ्रेंच प्रतिकार चळवळीत होती. १९४४ च्या जुलैत तिला पकडलं, छळलं आणि जर्मनीत राव्हन्सब्र्युकच्या छळछावणीत पाठवलं. त्या वर्षांत तिचा भाऊ लुसियाँ ललाँगच्या फॅशन हाउसमध्ये काम करत होता. गिऱ्हाइकांत जर्मन अधिकाऱ्यांच्या बायकाही होत्या. मे १९४५ मध्ये कॅथरीन पॅरिसच्या स्टेशनवर उतरली तेव्हा ती इतकी वाळली होती की भावाने तिला ओळखलं नाही. त्याने घरी तिच्यासाठी सूफले केलं होतं. तिला ते खाता आलं नाही. त्यानंतर एकवीस महिन्यांनी त्याने आईच्या काळातल्यासारख्या भरल्या अंगाच्या, फुलासारख्या उमललेल्या बायका रॅम्पवर आणल्या. त्या ओळीला 'पाकळ्यांचा मुकुट' अशा अर्थाचं नाव दिलं आणि सोबतच्या अत्तराला 'मिस डिओर'. यावरून मी त्याला माफ वगैरे करत नाही, तो माझा अधिकारही नाही. पण ते सूफले डोक्यातून जात नाही. आणि त्या घेराकडे पूर्वीसारखं नुसतं रागाने बघताही येत नाही.

हे सगळं डोक्यात चालू असतानाच तो जांभळट झगा आमच्याकडे आला.

घेऊन आलेल्या बाई साठीच्या होत्या. झगा त्यांच्या आईचा. आई मिडलंड्समधल्या एका छोट्या शहरात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. १९५४ मध्ये टाउन हॉलमध्ये नाचाचा कार्यक्रम होता, त्यासाठी शिवलेला. आई आदल्या वर्षी गेली. आता नातीला तो तिच्या लग्नाच्या रिसेप्शनला घालायचा होता. "अस्सल रेशीम," बाई घडीवरून हात फिरवत म्हणाल्या. "लव्हेंडर रंगाचा. राजकन्या मार्गारेटसारखा. माझ्या आईचा हा लव्हेंडर ड्रेस आमच्या घरात फार प्रसिद्ध आहे." सोबत एक छोटा काळा-पांढरा फोटो. एकवीस-बावीस वर्षांची मुलगी, एक हात खुर्चीच्या पाठीवर, हनुवटी जरा वर. बीटनचा फोटो तिने पाहिला होता हे त्या हनुवटीवरून लगेच कळत होतं.

काम दोन होती. कंबर चोवीस इंच होती, ती सत्तावीस करायची. आणि घेरावर खाली गुलाबी नेलपॉलिशचा वाळलेला ठिपका होता, तो काढायचा.

असा झगा आतून उलटून बघण्यासारखा असतो. बाहेरून ढग आणि आत बांधकाम. उघड्या खांद्यांचा झगा वर टिकतो कसा, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. तो छातीवर टांगलेला नसतोच. आत कमरेभोवती एक जाड, न ताणणारी फीत असते, पेटरशॅम म्हणतात तिला. ती आधी हुकांनी कमरेला घट्ट लावायची. घेराचं सगळं वजन त्या फितीवर बसतं. वरचा भाग पोलादी किंवा प्लास्टिकच्या काड्यांवर कमरेतून वर उभा राहतो, तंबूसारखा. घेराखाली नायलॉनच्या जाळीचे थर, घोड्याच्या केसांच्या जागी आलेले. सगळ्यात खालच्या दुमडीत ताठ विणलेली पट्टी, म्हणजे कड लोंबत नाही. या झग्यात हे सगळं होतं, आणि हाताचे टाके होते. बारीक, एकसारखे, घाई न केलेले. दुकानातला नव्हता तो. कुणीतरी घरी, मशीनवर आणि हातावर, कागदी पॅटर्न पसरून शिवला होता. तेव्हा व्होग मासिकाचे पॅरिसच्या डिझाइनवरून काढलेले पॅटर्न विकत मिळायचे. चांगली शिवणारी घरबसल्या पॅरिस बेतायची.

मी नेलपॉलिशच्या ठिपक्याला हात घालण्याआधी चाचणी घेतली. नियमच आहे तसा. आतल्या दुमडीवर, कुणाला दिसणार नाही अशा जागी, कापसाच्या बोळ्यावर ॲसिटोन घेऊन टेकवलं. बोळा उचलला तर त्याला कापड चिकटून आलं. विरघळलं होतं. बोटाचं टोक जाईल एवढं भोक, कडा चिकट आणि मग वाळून प्लास्टिकसारख्या कडक.

रेशीम विरघळत नाही. ते ॲसिटेट होतं.

नंतर बाईंनी मला समजावलं ते असं : ॲसिटेट लाकूड किंवा कापसाच्या लगद्यावर रासायनिक प्रक्रिया करून काढतात. पहिल्या महायुद्धात हेच द्रव्य विमानांच्या कापडी पंखांवर लेप म्हणून लावायचे. युद्ध संपल्यावर एवढ्या मालाचं करायचं काय, म्हणून त्याचा धागा काढला. रेशमासारखी चमक, रेशमासारखी सळसळ, किंमत कितीतरी कमी. आणि एक खोड : नेलपॉलिश काढायच्या द्रवात ते साखरेसारखं विरघळतं. पण हे सगळं नंतर. त्या क्षणी बाई फक्त म्हणाल्या, "चाचणी दुमडीवर घ्यायची ती शिवणीतल्या कापडावर का नाही घेतलीस?" मग बराच वेळ काही नाही. मग, "भोक तुझं आहे. फोन तू करायचास."

मी त्या दिवशी फोन केला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मला वाटत होतं आधी कंबरेचं काम करून घ्यावं, निदान एक तरी चांगली बातमी सांगता येईल. म्हणून बाजूची शिवण उसवायला घेतली.

आमच्या शिवणकामात शिलाईच्या आत जे जास्तीचं कापड ठेवतात त्याला माया म्हणतात. आई ब्लाउज बेतताना मुलींना हमखास सांगते, माया सोडलीये, लग्नानंतर लागेल. मुली लाजतात किंवा चिडतात, माया मात्र आत राहते. या झग्याला दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच माया होती. कापड महाग असण्याच्या काळात एवढं आत दडवून ठेवणारी बाई कोण असेल, असा विचार करत मी शेवटचे टाके कापले आणि शिवण उघडून सपाट केली.

आत निळं होतं.

लख्ख, पावसाळ्यानंतरच्या आकाशासारखं निळं. बाहेर लव्हेंडर, आणि मायेच्या पट्टीत निळं, मधे शिवणीची सरळ रेघ. मला वाटलं दिव्याचा काहीतरी घोळ आहे. खिडकीशी नेलं. निळंच.

मालकीणबाईंनी बघितलं आणि मान हलवली. ॲसिटेटची दुसरी खोड. त्या काळचे त्यावरचे काही निळे रंग हवेतल्या धुराने बदलायचे. गॅसच्या शेगडीच्या, हीटरच्या धुरातले वायू रंगावर बसायचे आणि निळ्याचं हळूहळू जांभळट, मग गुलाबीसर व्हायचं. कपाटात टांगलेलं असलं तरी. आमच्या धंद्यात त्याला गॅस फेडिंग म्हणतात. शिवणीच्या आत वायू कमी पोचला, म्हणून तिथे मूळ रंग राहिला. घरात प्रसिद्ध असलेला लव्हेंडर ड्रेस लव्हेंडर कधीच नव्हता. फोटो काळा-पांढरा, आई गेलेली, आणि बाकी कुणी तो नवा असताना पाहिलेला नव्हता.

म्हणजे आता फोनवर तीन गोष्टी सांगायच्या होत्या. भोक पडलंय. रेशीम नाही. आणि रंगही तो नाही. पहिलीबद्दल माफी मागता येते. उरलेल्या दोन सांगाव्यात की नाही, याचा मी रात्रभर विचार केला. एका घराची गोष्ट होती ती. तिच्यात हात घालणारी मी कोण?

त्या रात्री मला आजीची आठवण येत राहिली. 'बाजीराव मस्तानी' आल्यानंतर आईकडे शिवलेल्या नऊवारीची कामं वाढली होती. निऱ्या आधीच शिवलेल्या, काष्टा शिवलेला, मागे चेन, पायजम्यासारखी चढवायची. पोरी मोबाइलवर काशीबाई दाखवत यायच्या. आजी खाटेवर बसून बघायची. एकदा एका मुलीने तिला कौतुकाने विचारलं, "आजी, तुम्ही रोज नेसायचात ना? किती रॉयल वाटत असेल!" आजी म्हणाली, "वाळायचं नाही गं." मुलीला कळलंच नाही. आजीला चाळीतल्या एका खोलीत चार महिने पाऊस, दोन सुती लुगडी आणि नऊ वार ओलं कापड टांगायला जागा नाही, हे आठवत होतं. सासूने सहावारीला हो म्हटलं तेव्हा तिने म्हणे देवापुढे साखर ठेवली होती. पण तीच आजी चुलतबहिणीच्या लग्नात शिवलेली नऊवारी घातलेल्या तिच्याकडे बघून डोळे पुसत होती. मी विचारलं तर म्हणाली, "छान दिसतेय." एवढंच.

सकाळी फोन केला. तिन्ही गोष्टी सांगितल्या, याच क्रमाने. भोकाबद्दल त्या बाई म्हणाल्या, ठीक आहे, होतं. रेशमाबद्दल काहीच बोलल्या नाहीत. निळ्याबद्दल सांगितल्यावर पलीकडे इतकी शांतता झाली की मला वाटलं फोन कट झाला. मग त्या म्हणाल्या, "मी मावशीला विचारते."

मावशी जिवंत होती! नव्वदीच्या पुढे, कानाने कमी. झगा शिवणारी तीच. दोन दिवसांनी बाई स्वतः वर्कशॉपात आल्या आणि त्यांनी मावशीचं उत्तर जसंच्या तसं सांगितलं. अर्थात निळा. रेशीम? आम्ही? ते कुणी म्हटलं? पेपरात राजकन्येचा फोटो आला होता, काळा-पांढरा. तिचा झगा कुठल्या रंगाचा आहे हे आम्हाला काय माहीत. आम्ही निळा समजलो. दोघींनी पाच महिने पैसे साठवले. झगा एकदा घातला तिने. पुढे तू झालीस, मग तो बसेना. मी माया ठेवली होती, पण तिने कधी सोडून मागितली नाही.

बाईंनी हे सांगताना उसवलेल्या शिवणीतली निळी पट्टी दोन बोटांत धरली होती.

भोक मी दुमडीच्याच कापडाने बुजवलं. आतून, बारीक टाक्यांनी, बाहेरून दिसत नाही. नेलपॉलिशचा ठिपका तसाच राहिला. तो कुणाच्या हातून पडला हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. कमरेचा प्रश्न उरला. शिवण सोडली तर दोन्ही बाजूंना, काखेपासून कमरेखालपर्यंत, निळ्या पट्ट्या दिसणार. त्या झाकायला वरून लेस लावता येते, तशी पद्धत आहे. मी तीन नमुने काढून ठेवले होते. नातीला ट्रायलला बोलावलं. तिने झगा चढवला, मी आतली फीत कमरेला लावली, हुक अडकवले, आणि वजन फितीवर बसलं तसे तिचे खांदे आपोआप मागे गेले. सगळ्यांचेच जातात. तिने आरशात बघत एक हात वर केला. काखेखालून निळं दिसलं. हात खाली घेतला, गेलं. पुन्हा वर केला.

"लेस नको," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी मी आईला फोटो पाठवला, हात वर केलेला. तिने नेहमीप्रमाणे मोठा करून पाहिला असणार.

"बाजूला वेगळी पट्टी लावलीस?"

"नाही. माया सोडली."

"एवढी? किती होती?"

"दीड इंच."

"दोन्हीकडे?"

"दोन्हीकडे."

बराच वेळ ती टाइप करतेय असं दिसत राहिलं. मग आलं, "चांगली शिवणारी होती."